खुकरीवरची एकशे शहात्तर नावं

करमाळा,
नोव्हेंबरअखेर

चि. बाळ,

नौदलाचं चिल्क्याचं प्राथमिक प्रशिक्षण झालं, लोणावळ्याचं आयएनएस शिवाजीवरचं शिक्षणही झालं आणि आता तू जहाजावर रुजू होणार, तेही इंजिनाच्या खात्यात, हे ताईकडून कळलं. ती लगोलग देवीच्या माळावर जाऊन कमलाभवानीची ओटी भरून आली. आपल्याकडून पोरं फौजेत जातात, पण समुद्र इथून सरळ रेषेत धरला तरी दोनशे किलोमीटरच्या पलीकडे. जहाजावरचं जगणं कसं असतं हे तुला सांगणारं घरात कुणी नाही. मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला, तेव्हा त्यातलंच एक सांगतो.

४ डिसेंबरला तुमचा नौदल दिन. १९७१ साली त्या रात्री निपात, निर्घात आणि वीर या छोट्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला चढवला, तो पराक्रम दर वर्षी आठवला जातो. २०२३ साली तर हा सोहळा आपल्या सिंधुदुर्गाजवळ झाला. तो व्हायलाच हवा. पण पाचच दिवसांनी ९ डिसेंबर येतो, आणि तो आपल्याकडे कधी आला, कधी गेला कळतही नाही.

त्याच युद्धात दीवच्या जवळपास पाकिस्तानी पाणबुडी असल्याचा सुगावा लागला म्हणून आपल्या नौदलाच्या खुकरी आणि कृपाण या दोन फ्रिगेट तिला शोधायला निघाल्या. पाणबुडी होती हंगोर, फ्रेंच बनावटीची, नवी. खुकरी १९५०च्या दशकातली. पाण्याखालचे आवाज टिपणाऱ्या तिच्या सोनारला जेवढ्या लांबचं ऐकू येत होतं, त्याहून कितीतरी लांबचं हंगोरला ऐकू येत होतं. ही उणीव भरून काढायला लेफ्टनंट व्ही. के. जैन हे तरुण अधिकारी खुकरीवर सोनारसुधारणेचा प्रयोग करत होते, आणि त्यासाठी जहाजाचा वेग कमी ठेवावा लागत होता. पाणबुडीच्या टप्प्यात हळू चालणं किती जोखमीचं, हे जहाजावर सगळ्यांना माहीत असणार. त्या निर्णयावर पुढे पुष्कळ वाद झाला. मला त्या वादात शिरायचं नाही. यंत्र अपुरं होतं आणि माणसं ते सुधारायला धडपडत होती, एवढं मात्र तू ध्यानात ठेव. जैनही परत आले नाहीत.

दत्तजयंती होऊन आठवडा झाला होता. वद्य पक्षातली रात्र, चंद्र उगवायला मध्यरात्र व्हायची होती. वाचलेल्यांनी सांगून ठेवलंय, की पावणेनऊच्या आकाशवाणीच्या बातम्या नुकत्याच सुरू होत होत्या, तेवढ्यात पहिला टॉर्पेडो बसला. पाठोपाठ दुसरा स्फोट झाला आणि दिवे गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला डोक्याला मार लागलेला असतानाही माणसांना ढकलून समुद्रात उड्या मारायला लावत होते. त्यांनी स्वतःचं लाइफ जॅकेट एका खलाशाला देऊन टाकलं आणि स्वतः जहाज सोडलं नाही. काही मिनिटांत खुकरी बुडाली. मुल्लांना मरणोत्तर महावीरचक्र मिळालं. हे सगळं तुला शिकवलं असेल, आणि तू ते अभिमानानेच ऐकलं असशील.

त्या रात्री १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले. दुसऱ्या दिवशी कछाल या जहाजाने पाण्यातून उचलले ते ६ अधिकारी आणि ६१ खलाशी. त्या एकशे शहात्तरांतल्या एकाचं तरी नाव तुला सांगता येईल का? शाळेत कितीतरी वर्षं मुल्लांची गोष्ट सांगितली, तेव्हा मलाही आलं नसतं. कॅप्टनचं धैर्य दिसलं, कारण ते वर ब्रिजवर होते आणि त्यांना पाहणारी माणसं जगली. बॉयलरपाशी, इंजिनापाशी, खालच्या मेसमध्ये जी पोरं होती, त्यांच्यातल्या कुणी शेजाऱ्याला शिडीवर आधी चढवलं असेल, कुणी अंधारात झडप उघडून धरली असेल. ते पाहणारेही तिथेच बुडाले. मग ती हकीकत सांगायची कुणी? शौर्यपदकाला साक्षीदार लागतो. तो नसला म्हणजे शौर्य नव्हतं असं होत नाही. तुझं काम त्याच खालच्या मजल्यावर असणार आहे, म्हणून हे मुद्दाम लिहितोय.

आणखी एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. जमिनीवर पडलेल्या जवानाचं शव हल्ली गावी येतं, मुखाग्नी देता येतो. समुद्रात गेलेल्याचं काहीच येत नाही. तेव्हा यायची ती तार, आणि तारेत ‘बेपत्ता’. आपल्या तालुक्यात केमला कुंकू बनतं आणि गावोगाव जातं. ते कपाळावर ठेवायचं की पुसायचं, हे ज्या बाईला तारेवरून ठरवावं लागलं, तिने काय करावं? कुणी तरी पोहून कुठल्याशा किनाऱ्याला लागला असेल, पलीकडे कैदेत असेल, अशी आशा घरात वर्षानुवर्षं तग धरते. दहावा, तेरावा घालायलाही हात धजत नाही. लढाई चौदा दिवसांत संपली, या घरांतली संपली नाही.

खुकरीचं स्मारक दीवला समुद्राकाठी आहे. पुढे माझगाव डॉकने बांधलेल्या नव्या जहाजाला खुकरी हेच नाव दिलं. ते बत्तीस वर्षांनी सेवेतून निवृत्त झाल्यावर २०२२ साली दीवच्याच स्वाधीन केलं, लोकांना पाहता यावं म्हणून. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकात त्यागचक्राच्या भिंतींवर ग्रॅनाइटच्या एकेका विटेवर एकेक नाव कोरलंय. तिथे कॅप्टनच्या नावाची वीट आणि खलाशाच्या नावाची वीट सारख्याच मापाची आहे. मला हे फार योग्य वाटतं.

तू भित्रा होशील म्हणून हे लिहायला मन कचरत होतं. ताईला हे पत्र वाचून दाखवणार नाही. पण ज्या गणवेशात तू उभा राहणार, त्याचं देणं तुला ठाऊक असावं, असं वाटलं. सोनारच्या किंवा इंजिनाच्या कुठल्या यंत्रात खोट दिसली, तर हुद्द्याचा संकोच न धरता वरिष्ठांना सांग. ड्रिलमध्ये सुटकेच्या वाटा अंधारात, डोळे मिटून पाठ कर.

आणि ९ डिसेंबरला वरिष्ठांची परवानगी घेऊन तुमच्या मेसमध्ये खुकरीवरच्या माणसांची नावं मोठ्याने वाच. सगळी वाचायला वेळ मिळाला नाही, तर खलाशांची आधी वाच.

तुझा
मामा