चार हात पुढची वाट



मंदिरात भेटणाऱ्या बहुतेक जणी मला एकदा तरी विचारतात, "ताई, ही असली गाडी तुम्ही चालवता?" ही असली गाडी म्हणजे सुबारू डब्ल्यूआरएक्स. बॉनेटवर हवा ओढणारं मोठं तोंड, टर्बो इंजिन, २६८ अश्वशक्ती. मुलाने हौसेने घेतली, मग नोकरीसाठी तो कॅल्गरीला गेला आणि गाडी आमच्या दारात राहिली. ह्यांची कामाची वेळ दिवसभराची. सासूबाईंचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास, आणि माँट्रियलमध्ये कितीही बर्फ पडला तरी त्याला सुट्टी नाही. म्हणून गेले दोन हिवाळे ही गाडी मीच चालवते. गिअर हाताने टाकावे लागतात, पण मी सांगलीत मारुती ८०० वर शिकलेली, त्याचं मला काही वाटत नाही. सीट कापडी आहेत हे बरं झालं. स्टिअरिंगवर चामडं होतं, त्यावर मी जाड सुती आवरण घट्ट शिवून टाकलंय. सैल आवरण हातात फिरतं, ते बर्फात चालत नाही.

अशी गाडी बायकांची नव्हे असं कोणी म्हणालं तर एक नाव लक्षात ठेवा, मिशेल मूटाँ. या फ्रेंच बाईने १९८१ साली इटलीतली सॅनरेमो रॅली जिंकली. जागतिक रॅली स्पर्धेतली फेरी जिंकणारी ती पहिली स्त्री, आणि तिची गाडी होती चारही चाकांना जोर देणारी ऑडी क्वाट्रो. मला काही रॅली जिंकायची नाही. मला सासूबाईंना नेऊन सुखरूप घरी आणायचंय. पण गाडी काय करू शकते आणि काय करू शकत नाही, हे दोघींनाही सारखंच माहीत असावं लागतं.

चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळतो म्हणजे काय? पालखी दोघांऐवजी चौघांनी उचलली तर चढ सोपा जातो, तसं. बर्फात रुतलेली शेजाऱ्यांची गाडी नुसती चाकं फिरवत बसते, तेव्हा आमची सरळ बाहेर पडते. पण चौघांच्याही पायाखाली शेवाळ असेल तर थांबताना चौघेही घसरणारच. ब्रेक तर साध्या गाडीलाही चारही चाकांना असतात. म्हणजे निघण्यात ही गाडी सरस, थांबण्यात आणि वळण्यात इतरांसारखीच.

आणि खरा धोका याच्याही पुढचा आहे. साध्या गाडीची चाकं निघतानाच गरगर फिरतात आणि सांगतात, बाई, आज रस्ता निसरडा आहे. ही गाडी काहीच सांगत नाही. ती इतकी सहज वेग घेते की खाली बर्फ आहे हे ब्रेक दाबेपर्यंत कळतच नाही. म्हणून मी गल्लीतून बाहेर पडताना, मागे कोणी नसेल तेव्हा, अगदी कमी वेगात एकदा ब्रेक दाबून बघते. आज जमीन कशी आहे ते तिथेच समजतं.

आकडे ऐका. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कोरड्या डांबरावर ब्रेक लागल्यापासून साधारण १२ ते १५ मीटरमध्ये थांबते. काचेसारख्या ओल्या बर्फावर तिला १०० मीटरच्या आसपास लागतात. वेग दुप्पट केला तर हे अंतर चौपट होतं. इथे २६८ अश्वशक्तीचा काही उपयोग नाही.

उपयोग होतो तो टायरचा. या गाडीबरोबर आलेले टायर उन्हाळ्याचे होते. तापमान ७ अंशांच्या खाली गेलं की तसलं रबर कडक होतं आणि पकड सोडतं. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं. त्यावर तीन शिखरांचा डोंगर आणि हिमकण असं चिन्ह असतं, ते बघूनच घ्यायचे. आमच्या क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर लावणं कायद्यानेच सक्तीचं आहे. ज्यांच्याकडे सक्ती नाही त्यांनीही लावावेत, आणि चारही लावावेत.

बाकीचं मुलाने मला रविवारी सकाळी रिकाम्या पार्किंगमध्ये शिकवलं. निघताना गिअर दुसरा टाकायचा, म्हणजे जोर हळू उतरतो. टर्बोचा जोर एकदम येतो, म्हणून पाय अंड्यावर ठेवल्यासारखा, असं तो म्हणाला. मी म्हटलं, आपल्या घरात अंड्याचं उदाहरण कशाला, पापड लाटतो तसं म्हण. सगळीकडे सारखा दाब, कुठे झटका नाही. गाडी घसरली तर पाय हळूच उचलायचा, जिकडे जायचंय तिकडे बघायचं, कठड्याकडे बघायचं नाही. एबीएसचा ब्रेक पायाखाली थरथरतो, तेव्हा घाबरून पाय काढायचा नाही. तिथे मुद्दाम दहा वेळा गाडी घसरवली, तेव्हा कुठे अंगाला ते कळलं.

ईर्या समिती आपण लहानपणापासून ऐकतो. मुनीमहाराज चार हात पुढची जमीन पाहून पाऊल टाकतात. मला ते नेहमी मुंग्यांपुरतं वाटायचं. गाडीत बसल्यावर त्यातला हिशोब दिसला. पायी चालणारा चार हातांत थांबू शकतो, म्हणून त्याला चार हात पुरतात. मी ताशी ५० ने बर्फावर जात असेन तर माझे चार हात १०० मीटरचे होतात. तेवढं पुढचं दिसत नसेल तर वेग कमी केला पाहिजे. जीव वाचवायचा नियम हा असा मोजून पाळायचा असतो.

आमची कसोटी लागली ती मात्र दुसऱ्याच नियमाने. सासूबाईंचा रात्रीभोजनत्याग पन्नास वर्षांचा. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात इथे सूर्य सव्वाचारच्या आतच मावळतो. डायलिसिसची वेळ मिळाली होती दुपारची. सुटायला साडेतीन व्हायचे, लगेच खाल्लं की त्यांना मळमळायचं, आणि घर नदीपलीकडे, पूल ओलांडून. रोज मनात घड्याळ चालू. गाडी अशी की पाय थोडा दाबला तर दहा मिनिटं सहज वाचतील.

हे मी त्यांना बोलून दाखवलं, तर त्या म्हणाल्या, "नेम मी घेतलाय. समोरच्या गाडीतल्या पोरांनी घेतलाय व्हय? माझ्या ताटासाठी गाडी पळवायची नाही." मग आम्ही ठरवलं. मऊ भात आणि दुधीची भाजी थर्मासमध्ये घ्यायची, वाटेत सुरक्षित जागा मिळाली तर गाडी उभी करून त्यांनी जेवायचं. नाही जमलं तर सकाळी. डॉक्टरांनाही विचारून घेतलं.

एका बुधवारी नाहीच जमलं. सकाळी पाऊस, दुपारी तापमान शून्याच्या जरा खाली, म्हणजे सगळ्यात वाईट. पुलावर खालूनही गार वारा लागतो, म्हणून तो रस्त्याच्या आधी गोठतो. एक भलीमोठी चारचाकी जोराची गाडी आम्हाला मागे टाकून गेली आणि पुलाच्या उतारावर आडवी फिरून कठड्याला धडकली. मी खूप मागे होते. पाय उचलला, गिअर एक खाली घेतला, क्लच हळू सोडला, मग ब्रेक. बऱ्याच अलीकडे गाडी थांबली. धोक्याचे दिवे लावले, मदतीचा फोन केला. त्या गाडीतून दोन तरुण मुलं आपल्या पायांनी बाहेर आली, तेव्हा मी श्वास सोडला.

पोलीस येईपर्यंत नदीवरचा उजेड गेला होता. सासूबाईंच्या मांडीवर डबा तसाच बंद होता. त्या णमोकार म्हणत होत्या. मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "जेवण राहिलं तर राहू दे. पोरं नीट आहेत नव्हं?"

ज्यांच्या घरी अशी गाडी आहे त्यांच्यासाठी थोडं सांगते. ही गाडी जमिनीपासून सहा इंचही उंच नसते, त्यामुळे खोल बर्फात पोटावर टेकते. नांगर फिरला नसेल तर निघू नका. टायरची हवा थंडीत कमी होते, दर आठवड्याला बघा. डिकीत फावडं, थोडी वाळू आणि घोंगडी ठेवा. उणे १५ च्या खाली रस्त्यावरच्या मिठावर फार विसंबू नका. आणि घरातल्या तरुण मुलांना गाडीच्या चावीबरोबर रिकाम्या पार्किंगमधला एक रविवारही द्या.

फेब्रुवारीपासून सासूबाईंना सकाळची वेळ मिळाली आहे. आम्ही अंधारात निघतो, बाहेर कधी उणे वीस असतं. पण इतक्या थंडीतला कोरडा बर्फ शून्यावरच्या ओल्या बर्फापेक्षा कमी निसरडा असतो, आणि परतताना ऊन असतं. त्या घरी येऊन गरम भाकरी खातात.