हार्ड डिस्क आणि पाठभेद

हस्तलिखिते कशी नष्ट होतात हे वर्गात शिकवणे वेगळे आणि आपल्याच टेबलावर तसे काही घडताना ऐकणे वेगळे. गेल्या पावसाळ्यात आमच्या जुन्या लॅपटॉपमधून टक् टक् असा आवाज येऊ लागला. आधी वाटले, पंख्यात काही अडकले असेल. मग एकेक फाइल उघडायला मिनिट-मिनिट लागू लागले आणि एके दिवशी पडदा निळा होऊन बसला.

लॅपटॉप २०१२ सालचा. आत फिरत्या तबकड्यांची ५०० जीबीची हार्ड डिस्क. तीत प्रश्नपत्रिका होत्या, चर्चासत्रांतले निबंध होते; ते गेले असते तरी मराठी समीक्षेचे फारसे नुकसान झाले नसते. परंतु २००८ मध्ये आम्ही दोघांनी बीड जिल्ह्यातल्या तीन गावांत जात्यावरच्या ओव्यांचे ध्वनिमुद्रण केले होते. गाणाऱ्यांपैकी बहुतेकजणी आज हयात नाहीत. त्यांच्या आवाजाची ही एकमेव प्रत. पाठचिकित्सा शिकवणाऱ्या दोन माणसांनी इतकी वर्षे एकाच प्रतीवर विसंबून राहावे, याला काय म्हणावे?

लॅपटॉप दुरुस्त करणारा मुलगा आमचाच जुना विद्यार्थी निघाला. त्याने पहिली गोष्ट केली ती म्हणजे आमच्या हातातून लॅपटॉप काढून घेतला. "सर, मॅडम, सारखं चालू-बंद करू नका. फिरेल तेवढाच जीव आहे तिच्यात." चालू करताना यंत्र स्वतःहून 'डिस्क तपासून दुरुस्त करू का' असे विचारते. तिथे 'हो' म्हणणे हा मोठा धोका, हेही त्यानेच सांगितले. त्या दुरुस्तीत मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर नव्याने लिहिले जाते. आधी नक्कल, मग चिकित्सा.

त्याने डिस्क काढली, एका केबलने दुसऱ्या संगणकाला जोडली आणि लिनक्सवरचा 'डीडीरेस्क्यू' हा प्रोग्राम लावला. त्याची रीत आम्हांला फार ओळखीची वाटली. जे सहज वाचता येते ते तो आधी उतरवून घेतो. जिथे अडते ती जागा सोडतो, तिची नोंद ठेवतो आणि बाकीचे हाती लागल्यावर पुन्हा त्या जागांकडे वळतो. तरीही न वाचता आलेली जागा मोकळीच राहते. अंदाजाने काही भरले जात नाही. वाळवीने खाल्लेल्या पोथीची नक्कल करणारा प्रामाणिक लेखनिकही तेवढी जागा कोरी सोडतो आणि शेवटी, पुढ्यात होते तसे उतरवले, दोष आमच्या माथी मारू नये, अशी विनंती करतो.

पहिली फेरी रात्रभर चालली, उरलेल्या जागांसाठी आणखी दोन दिवस गेले. ५०० जीबीपैकी अवघे काही एमबी हाती लागले नाहीत. नवी एसएसडी बसली, लॅपटॉप झटकन सुरू झाला. आम्ही पेढे आणले.

ओव्यांचे लिखित पाठ उघडले तेव्हा कळले की काम निम्मेच झाले आहे. पडद्यावर रोमन अक्षरे आणि विचित्र चिन्हे यांचा नुसता कल्ला. २००८ मध्ये आम्ही डीटीपीवाल्यांच्या एका जुन्या फॉन्टमध्ये टंकन केले होते. त्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या सांकेतिक क्रमांकांवर देवनागरीचे आकार बसवलेले असत. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून स्वतःची जागा होती. आम्हीच तिथे पोचलो नव्हतो. महानुभावांचे ग्रंथ सकळ लिपीत होते आणि तिची किल्ली अभ्यासकांच्या हाती यायला विसावे शतक उजाडावे लागले, हे आम्ही दरवर्षी शिकवतो. आमची सकळ लिपी आम्हीच निर्माण केली होती. सुदैवाने फॉन्टची फाइल जुन्या डिस्कमधून वाचली होती. किल्ली मिळाली, सारे पाठ आता युनिकोडमध्ये आणले आहेत.

न वाचलेल्या जागांपैकी एक मात्र एका ध्वनिमुद्रणाच्या मधोमध निघाली. एक आजी माहेराविषयीची ओवी गात असताना सतरा सेकंद संपूर्ण शांतता. मग जाते आणि आवाज पुढच्या ओवीपासून सुरू. आम्ही घाईघाईने लिखित पाठ काढला. त्या ओवीच्या दुसऱ्या चरणापुढे कंसात आमचीच टीप होती : 'शब्द अस्पष्ट, पुन्हा ऐकावे.'

म्हाइंभटांनी सिद्ध केलेली लीळाचरित्राची मूळ प्रत धाडीत गेली आणि शिष्यांनी ती आठवणीतून पुन्हा उभी केली. त्यातून पाठभेद जन्माला आले, असे परंपरा सांगते. त्यांच्यापाशी आठवणारी माणसे होती. आम्ही त्या सतरा सेकंदांसाठी एकमेकांकडे पाहिले. दोघांनाही काही आठवले नाही. यंत्र आठवते म्हणून आम्ही ऐकायचेच सोडले होते.

आता ध्वनिमुद्रणांच्या तीन प्रती आहेत : एक लॅपटॉपवर, एक बाहेरच्या डिस्कवर, एक दुसऱ्या गावी बहिणीच्या कपाटात. दर सहा महिन्यांनी त्या उघडून पाहतो, कारण न उघडलेल्या प्रतीचा भरवसा नाही. आणि दर रविवारी एकेक ध्वनिमुद्रण पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकतो. टिपा पुष्कळ आहेत. त्या ओवीपुढे मात्र कंस तसाच ठेवला आहे; आतला मजकूर तेवढा बदलला : 'येथे प्रत त्रुटित.'