काटा आणि भाकरीचा गोळा

स्वतःच्या दुखण्याची वाच्यता करू नये, असा एक खोटा संकोच आम्हा शिक्षकवर्गात रूढ आहे. त्या संकोचापायी आमच्यावर कसा प्रसंग ओढवला, हे विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस कळावे, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.

इंदापूर तालुक्यास उजनीच्या जलाशयाचा शेजार लाभल्यापासून आमच्याकडे पाहुणा आला म्हणजे भिगवणच्या मासळीवाचून त्याचा पाहुणचार पुरा होत नाही. गतवर्षी हिवाळ्यात एका रविवारी रात्री असेच पाहुणे पंक्तीस होते. चिलापीचे कालवण होते, हास्यविनोद रंगला होता, आणि बोलण्याच्या भरात आमच्या घशात काटा रुतला. वडीलधाऱ्यांनी परंपरागत उपाय सांगितला : कोरड्या भाकरीचा गोळा न चावता गिळावा, वर केळे खावे. वर्गात शरीरशास्त्र शिकविणाऱ्या आम्ही निमूटपणे दोन गोळे गिळले ! टोचणी किंचित कमी झाली, आणि आम्ही समाधानाने निजलो.

सोमवारी शाळेत मधल्या सुटीपर्यंत मान ठणकू लागली, अंगात कसकस भरली, लाळही गिळवेना. आम्ही कोणास काही बोललो नाही. परंतु पहिल्या बाकावरील एका मुलाने विचारले, "सर, आपण सकाळपासून पाणी का घेत नाही ?" आम्ही त्यास खाली बसविले. तो बसला खरा. पण तास संपताच मुख्याध्यापकांच्या खोलीत जाऊन त्याने ही गोष्ट सांगितली. त्याच्या या आज्ञाभंगाबद्दल आम्ही त्याचे आजन्म ऋणी आहोत.

गावातील डॉक्टरांनी काय खाल्ले व केव्हा खाल्ले, हे प्रथम विचारले. मग मानेवर बोटे टेकविली. त्वचेखाली बारीक कुरकुर त्यांच्या बोटांस जाणवली. ती हवा होती. अन्ननलिकेस छिद्र पडून बाहेर सुटलेली! "आता पाण्याचा थेंबही नको. आजच पुणे गाठा," एवढेच ते म्हणाले.

अन्ननलिका ही प्रौढ माणसात सुमारे 25 सेंटीमीटर लांबीची स्नायूंची नळी आहे. आतड्यांवर असते तसे बाहेरचे गुळगुळीत आवरण तिच्या बहुतेक भागास नसते. तिला भोक पडले की लाळ, अन्न व जंतू मानेत अथवा छातीत हृदयाच्या शेजारी पसरतात आणि विषबाधा होते. काट्यास गोळ्याने खाली रेटले तर तो भिंतीत अधिकच शिरतो, हे आम्हास उशिरा उमगले.

पुण्यात सी.टी. स्कॅन झाला. साध्या क्ष-किरण चित्रात माशाचा काटा पुष्कळदा दिसत नाही; या तपासणीत काटा व हवा दोन्ही स्पष्ट दिसली. दुर्बिणीतून काटा काढण्यात आला. छिद्र लहान होते, म्हणून शस्त्रक्रिया टळली. शिरेतून प्रतिजैविके, नाकातील नळीने अन्न, आणि तोंडाने काही नाही, असा क्रम चालला. आठव्या दिवशी विशिष्ट द्रव पाजून चित्रे घेतली. गळती थांबली होती. त्या दिवशी मिळालेल्या पाण्याच्या पहिल्या घोटाची गोडी आम्ही वर्णू शकत नाही. छिद्र मोठे असल्यास मात्र ते शिवावे लागते, साचलेला पू नळीने बाहेर काढावा लागतो, किंवा आत आवरणयुक्त जाळीची नळी बसवितात.

काट्याखेरीज इतरही कारणे आहेत. दुर्बिणीने तपासताना क्वचित छिद्र पडते. दाहक द्रव्य प्यायल्याने पडते. जोराच्या ओकारीनेही नलिका फाटते. या शेवटच्या प्रकाराचे वर्णन हॉलंडमधील बोअरहावे या वैद्याने 1724 साली केले. त्याचा रोगी, एक दर्यासारंग, वाचला नाही. अशी फाटलेली नलिका शिवून रोगी वाचविल्याचे यश लंडनचे शल्यवैद्य बॅरेट यांनी 1947 साली प्रसिद्ध केले. मधल्या सव्वादोनशे वर्षांत ज्ञान होते, पण हात चालत नव्हता. आज हात चालतो. उशीर मात्र आपण करतो. पहिल्या 24 तासांत उपचार मिळाले तर आशा पुष्कळ असते. पुढे ती झपाट्याने ओसरते.

पालकांनी एवढे ध्यानी धरावे. काटा रुतल्यास भाकरी, केळे वा भाताचा गोळा देऊ नये; बोट घालून वांती करवू नये. मान किंवा छाती दुखणे, ताप, लाळ न गिळवणे, यांपैकी काहीही दिसल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. खेळण्यातील बटणासारखी चपटी बॅटरी मुलाने गिळली असेल तर दुखण्याची वाटही पाहू नये. ती दोन तासांत नलिका जाळू लागते.

आणि मुलांनो, काही गिळले असेल तर मार बसेल या भीतीने लपवू नका. आम्ही तुम्हास नेहमी 'खरे सांगा' म्हणून बजावतो. त्या सोमवारी आम्ही स्वतः खरे सांगितले नाही. ते तुमच्यापैकी एकाने आमच्यासाठी सांगितले, म्हणून आज हा लेख लिहिता आला.