नवे इंजिन, जुना पंखा

शिडाच्या बोटीचे डिझेल इंजिन बदलले की जुना पंखा तसाच ठेवण्याचा मोह होतो. ब्राँझचा पंखा वर्षानुवर्षे टिकतो, इंजिनाने खिसा आधीच रिकामा केलेला असतो, आणि नवे इंजिन तितक्याच अश्वशक्तीचे असेल तर बदलायचे काय, असे वाटते. पण पंख्याला अश्वशक्ती कळत नाही. कळतात ते शाफ्टचे फेरे. पूर्वीची वजनदार डिझेल इंजिने पूर्ण ताकद मिनिटाला २५०० फेऱ्यांच्या आसपास देत. आजची बरीच छोटी इंजिने ती ३६०० फेऱ्यांना देतात. गिअरबॉक्सही वेगळा असतो. क्वचित शाफ्ट उलट्या दिशेने फिरू लागतो, आणि मग डावीकडे फिरण्यासाठी घडवलेला पंखा बोटीला मागे ओढतो.

पंख्यावर कोरलेले दोन आकडे म्हणजे व्यास आणि पिच, बहुधा इंचांत. लाकडात स्क्रू शिरतो तसा पंखा एका फेऱ्यात जितका पुढे सरकला असता, ती पिच. ३६०० फेऱ्यांचे इंजिन आणि २.६२ ला १ असा गिअरबॉक्स असेल, तर शाफ्ट मिनिटाला सुमारे १३७४ फेरे घेतो. १० इंच पिच धरली तर कागदावर वेग ११.३ नॉट येतो. पाणी मात्र लाकूड नव्हे. शिडाच्या जड बोटीत ४५ टक्क्यांच्या आसपास घसर धरावी लागते, म्हणजे हाती उरतात सव्वासहा नॉट. पाणरेषेची लांबी २५ फूट असलेल्या बोटीची मर्यादा, २५ च्या वर्गमुळाला, म्हणजे पाचाला, १.३४ ने गुणून, ६.७ नॉट. तेव्हा हिशेब बरोबर बसतो.

व्यास जागेत मावेल तेवढा मोठा घ्यावा. पात्याचे टोक आणि बोटीचा तळ यांत व्यासाच्या किमान दहाव्या हिश्शाइतके अंतर हवे, नाहीतर तळ थरथरतो. सावकाश फिरणारा मोठा पंखा छोट्या वेगवान पंख्यापेक्षा सरस. म्हणून जागा असेल तर गिअरबॉक्सच जास्त गुणोत्तराचा मागवावा. मागवण्यापूर्वी शाफ्टच्या टोकाचा उतार मोजावा. तो १:१०, १:१२ किंवा १:१६ असतो, आणि एकाचा पंखा दुसऱ्यावर बसत नाही.

पाती किती, घडीची की स्थिर, हा स्वभावाचा प्रश्न. घडीचा पंखा शिडावर जाताना पाण्याला फारसा अडत नाही, पण महाग पडतो. तीन पात्यांचा स्थिर पंखा शिडाचा वेग खातो आणि धक्क्याला लागताना उपकार फेडतो. वाऱ्यासाठीच बोट बाळगणाऱ्याने घडीचा घ्यावा.

खरा निकाल पाण्यात लागतो. तळ स्वच्छ, टाक्या भरलेल्या, समुद्र शांत, आणि थ्रॉटल पूर्ण उघडा. इंजिन ३६०० ला पोचले तर पंखा योग्य. ३२०० वर अडून काळा धूर सोडू लागले तर पंखा जड. पिच इंचाने कमी केल्यास ढोबळमानाने दीडशे ते दोनशे फेरे वाढतात. फेरे सहज मर्यादेपलीकडे जात असतील तर पंखा हलका, आणि ताकद वाया. कोकण-गोव्यासारख्या उबदार पाण्यात तळावर शिंपले लवकर धरतात आणि फेरे उतरतात. अशा ठिकाणी पंखा किंचित हलकाच निवडावा.