स्ट्रीक फ्रेंचची, पेशंट पावरी!

भाषा शिकवणारं एखादं अ‍ॅप तुमच्याही मोबाइलमध्ये असेलच. माझ्याकडे ड्युओलिंगो आहे. फ्रेंचमध्ये मी कुठे अडखळते ते त्याला बरोब्बर ठाऊक, म्हणून तोच शब्द फिरून समोर येतो. पर्सनलाइज्ड लर्निंग म्हणतात ते हेच! फक्त माझं पोस्टिंग पॅरिसला नाही, नंदुरबार जिल्ह्यात धडगावला आहे. इथे ओपीडीत येणाऱ्या आज्या पावरी बोलतात, आणि अ‍ॅपच्या यादीत पावरी नाहीच.

आजी तीन मिनिटं बोलतात. सिस्टर मला मराठीत सांगतात, "पोट दुखतंय." दोष त्यांचा नाही, बाहेर रांग असते. पण कधीपासून, जेवणाआधी की नंतर, हे सगळं त्या तीन मिनिटांत असतं. औषध मात्र मला दोन शब्दांवर लिहायचं असतं.

देशातलं पहिलं आधार २०१० मध्ये याच जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. भाषेचा नंबर लागायला वेळ लागला. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या आदिवासी व्यवहार मंत्रालयाने 'आदि वाणी' हे एआयवर चालणारं भाषांतराचं अ‍ॅप आणलं. त्यात संताली, मुंडारी, गोंडीसोबत भिली आहे. पावरी भिलीच्याच घरातली. पण अ‍ॅपमधली भिली मध्य प्रदेशातली, आणि दोन बहिणींची बोली सारखी नसते.

मग मी अँकी घेतलं. २००६ पासूनचं हे फ्लॅशकार्डांचं सॉफ्टवेअर. यात कार्डं आपणच भरायची, म्हणजे भाषा कुठलीही चालते. "कुठे दुखतं?", "कधीपासून?", "ताप रात्री येतो का?" असे वीस प्रश्न सिस्टरनी पावरीत रेकॉर्ड करून दिले. कार्ड आठवलं की 'सोपं', नाही आठवलं की 'पुन्हा'. त्यावरून ते उद्या यायचं की दहा दिवसांनी, हे ठरतं. शिकलेलं माणूस किती वेगाने विसरतो, हे एबिंगहाउसने १८८५ मध्येच मांडलं होतं. ही सगळी गंमत त्याच विसरण्यावर उभी आहे.

आता प्रश्न मी विचारते. उत्तर भराभर येतं, त्याला पॉज बटण नाही, म्हणून सिस्टर शेजारी लागतातच. पण आज्या आता माझ्याकडे बघून बोलतात, हसत उच्चार सुधारतात. याहून पर्सनलाइज्ड काय असणार?

तुमच्या कामाच्या गावची भाषा यादीत नसेल, तर वाट बघत बसू नका. वीस प्रश्न, एक ओळखीचा आवाज, रोजची दहा मिनिटं, बस्स. फ्रेंचची स्ट्रीक? ती कधीच तुटली. चालतंय की!