माशाच्या कानातील खडा

केरळात कोल्लमला जाण्याचा योग आला, तर वाचकहो, अष्टमुडी कायलात होडीने फिरल्यावाचून परतू नका. आठ फाटे फुटलेल्या या विस्तीर्ण जलाशयास कल्लडा नदी येऊन मिळते आणि नींदकर येथे त्याचे मुख समुद्राकडे उघडते. म्हणून त्याचे पाणी धड गोडेही नाही आणि धड खारेही नाही. कोकणातील खाडीसारखे मचूळ आहे. काठावर माडांची दाटी असून कुंडराजवळ पडप्पक्करा नावाचे गाव लागते. तेथील दरड मात्र आपण लक्षपूर्वक पाहावी, अशी माझी विनंती आहे.

या दरडीत शंखशिंपल्यांनी भरलेला चुनखडक आणि माती आहे. सुमारे १ कोटी ७० लाख वर्षांपूर्वी येथे उथळ समुद्र होता व तळाशी समुद्री गवताची कुरणे पसरली होती. या प्रदेशाच्या चुनखडकातील एका सूक्ष्म प्राण्याचे वर्णन मुंबईत वैद्यकी करणाऱ्या हेन्री कार्टर यांनी १८५३ सालीच केले होते. पण त्याच थरांतील माशांच्या कानांकडे लक्ष जाण्यास बराच काळ लोटावा लागला!

कान म्हणजे कानातील खडे. ढोमा मासा आवडीने खाणाऱ्यांना त्याच्या डोक्यात सापडणारे पांढरे खडे ठाऊक असतीलच. शास्त्रज्ञ त्यांना कर्णाश्म म्हणतात. हाडे असलेल्या माशांत त्यांच्या तीन जोड्या असतात. ऐकणे आणि तोल सांभाळणे ही त्यांची कामे. चुन्याचा पातळ थर त्यांवर दररोज चढतो. खड्याचा आकार व त्यावरील खाच पाहून माशाचे कूळ, पुष्कळदा जातही, ओळखता येते. हाडे विखुरली तरी खडा मागे राहतो. मात्र आम्लयुक्त पाण्यात तो विरघळतो, म्हणून अशी जतन झालेली माती विरळाच. ती भिजवून, बारीक चाळणीतून धुऊन, उरलेला गाळ सूक्ष्मदर्शकाखाली कणाकणाने निवडावा लागतो. घाई करणाऱ्याचे हे काम नव्हे.

रुडकीच्या संशोधकांनी परदेशी तज्ज्ञासह केलेला अशा खड्यांचा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. त्यातील कित्येक जाती शास्त्राला नव्या होत्या. निवटीच्या गोतावळ्यातील चिमुकल्या माशांचा त्यांत मोठा भरणा होता.

येथे एक पेच आहे. या गोतावळ्यातील मासे खाऱ्या पाण्यात राहतात, तसेच मचूळ पाण्यातही राहतात. मग जुने पाणी कसे होते, हे कसे सांगावे? एका खड्यावर विसंबता येत नाही; मोठ्या माशाच्या पोटातून तो दूरवरही गेला असेल. सोबतचे शिंपले व इतर खडे यांची साक्ष काढावी लागते. खडा मूळ स्थितीत टिकला असेल, तर त्यातील स्ट्रॉन्शियमचे प्रमाण मोजता येते. समुद्रात हे द्रव्य बहुधा नदीपेक्षा अधिक असते.

परतताना कोल्लमच्या बाजारात करिमीन घ्याल, तर तो साफ करणाऱ्यास डोके टाकू नका म्हणून सांगा. मेंदूच्या खालच्या बाजूस हळूच टोकरलेत, की दोन इवलेसे पांढरे खडे हाती लागतील.