विसाव्याचे वेतन

मराठीत ‘निवृत्ती’ या शब्दाची दोन घरे आहेत. एक घर परमार्थाचे. तेथे ती प्रवृत्तीच्या समोर उभी असते आणि ज्ञानदेवांच्या थोरल्या बंधूंच्या, त्यांच्या गुरूंच्या नावातच ती वास करते. दुसरे घर कचेरीचे. तेथे तिच्यामागे ‘सेवा’ जोडली जाते आणि मग ती शाल, श्रीफळ आणि चार भाषणे यांसह ठरलेल्या तारखेला येते. पहिल्या निवृत्तीत माणूस आपण होऊन संसार सोडतो. दुसरीत कचेरी त्याला सोडते. तमिळ भाषेने हा घोळ केलेला नाही. तिच्यात ‘ओय्वु’ म्हणजे विसावा, आणि ‘ऊदियम्’ म्हणजे वेतन, मजुरी. या दोहोंचा जोड करून ती पेन्शनला ‘ओय्वूदियम्’ म्हणते. विसाव्याचे वेतन! चाळीस वर्षे तमिळनाडूत काढल्यावर आज मला हा शब्द फार व्यवहारी आणि फार खरा वाटतो. विसाव्यालाही वेतन लागते. ते नसेल तर माणसाला वार्धक्य येते, निवृत्ती मात्र येत नाही.

हे लिहितो आहे ते आवडीहून. मद्रासच्या, म्हणजे आताच्या चेन्नईच्या पश्चिमेला, अरक्कोणमच्या लोहमार्गावर हे गाव आहे. आता ती महानगरपालिका झाली आहे. मराठी कानाला या नावात संतांच्या वाणीतली ओढ ऐकू येते. मी इकडे नोकरीला निघालो तेव्हा आई म्हणाली होती, “गावाचे नाव तरी गोड आहे हो!” येथील लोक मात्र हे नाव चिलखती वाहनांच्या डेपोच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे जुळवून बनले आहे, असे हटकून सांगतात. येथला अवजड वाहनांचा कारखाना १९६१ सालचा. देशात बांधलेला ‘विजयंत’ रणगाडा १९६५ च्या डिसेंबरात त्यातून बाहेर पडला. पण त्याआधीच, जानेवारी १९५५ मध्ये, उ. न. ढेबर यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन येथे भरले होते आणि समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव ‘आवडीचा ठराव’ म्हणूनच देशभर गेला. तेव्हा गावाचे नाव कारखान्याहून जुने आहे, एवढे तरी निश्चित.

मी अंबरनाथचा. वडील तेथल्या संरक्षण खात्याच्या कारखान्यात कामगार होते. अंबरनाथ आणि आवडी ही दोन्ही गावे मुंबई-मद्रास या एकाच लोहमार्गावर आहेत, हे मला येथे आल्यावर उमगले. कल्याण सोडून कर्जतकडे निघालेली मेल अंबरनाथवरून न थांबता जाते. पुढे पुणे, सोलापूर, गुंतकल करीत दुसऱ्या दिवशी ती आवडीवरून जाते. आता तर दोन गावांचे नाते कागदोपत्रीही जडले आहे. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन सात कंपन्या झाल्या. त्यांतल्या चिलखती वाहनांच्या कंपनीचे मुख्य कार्यालय आवडीला आले, आणि अंबरनाथचा यंत्रसाधनांचा कारखाना तिच्याच छत्राखाली गेला.

वडील सरकारी कामगार, मी खासगी. एका पिढीत घडलेला हा बदल त्यावेळी कोणालाच मोठा वाटला नाही. आरेखनाचे शिक्षण घेऊन मी १९८५ साली आवडीजवळच्या अंबत्तूर औद्योगिक वसाहतीतील एका लहान कारखान्यात लागलो. जिग, फिक्स्चर आणि गेज यांची आरेखने करणे हे माझे काम. मोठ्या कारखान्यांत जे सुटे भाग बनतात, ते अचूक बनावेत म्हणून त्यांना धरून ठेवणारी आणि मोजणारी ही साधने. पगार वेळेवर मिळे. पेन्शनचा विचार चोविसाव्या वर्षी कोण करतो?

वडिलांच्या पेन्शनचा मात्र घरात एक दबदबा होता. १७ डिसेंबर १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नकारा खटल्याचा निकाल दिला. सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितले की पेन्शन ही मालकाच्या मर्जीवरची बक्षिसी नाही. ती आधी केलेल्या सेवेतून निर्माण झालेला हक्क आहे. एका ठरावीक तारखेपूर्वी निवृत्त झालेल्यांना सुधारित पेन्शनमधून वगळणेही त्या निकालाने रद्द केले. वडिलांनी त्या बातमीचे कात्रण कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवले होते. १९८८ साली ते निवृत्त झाले आणि पुढली एकवीस वर्षे त्या पेन्शनवर सन्मानाने जगले. त्यांच्यामागे आईला कुटुंब निवृत्तिवेतन मिळत राहिले. आई शेवटपर्यंत कोणापुढे हात न पसरता नातवंडांच्या हातावर खाऊचे पैसे ठेवीत असे.

खासगी कामगारांसाठी कर्मचारी पेन्शन योजना आली ती १६ नोव्हेंबर १९९५ पासून, म्हणजे आवडीच्या ठरावानंतर जवळजवळ एकेचाळीस वर्षांनी. तिचे गणित साधे आहे. पेन्शनपात्र पगाराला नोकरीच्या वर्षांनी गुणावे आणि सत्तराने भागावे. मेख आहे ती ‘पेन्शनपात्र’ या शब्दात. प्रत्यक्ष पगार कितीही असो, सर्वसाधारण कामगाराच्या बाबतीत ३१ ऑगस्ट २०१४ पर्यंतच्या नोकरीसाठी तो साडेसहा हजारांपर्यंतच धरला जातो आणि त्यापुढील नोकरीसाठी पंधरा हजारांपर्यंत. २०१९ साली मी अठ्ठावन्न वर्षांचा झालो, तेव्हा चौतीस वर्षांच्या नोकरीचे माझे मासिक पेन्शन साडेतीन हजार रुपयांच्या आतच भरले. सेवानिवृत्तीचा समारंभ झाला, शाल मिळाली. दुसऱ्या सोमवारी मी त्याच टेबलापाशी, पण रोजंदारीच्या हिशेबाने, पुन्हा बसलो.

अशा माणसाने ज्येष्ठांच्या वसाहतीत घर का घ्यावे, असा प्रश्न कोणालाही पडेल. उत्तर पत्नीच्या गुडघ्यांत आहे. अंबत्तूरचे आमचे भाड्याचे घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टवाचून. मी कामावर गेलो की ती दिवसभर वर अडकलेली. मुलगी पुण्यात, तिच्या स्वतःच्या घराच्या हप्त्यांत गुंतलेली. अंबरनाथच्या घरातील माझा वाटा विकून जे आले, त्यात आवडीच्या पलीकडे, पट्टाभिरामच्या बाजूस, एका वसाहतीत तळमजल्यावरील दीड खोली मिळाली. दाराला उंबरठा नाही, न्हाणीघरात आधाराचे दांडे आहेत, पलंगाशी घंटा आहे, आणि दोन वेळचे जेवण सामाईक भोजनगृहात मिळते. २०२२ साली आम्ही तेथे राहायला गेलो. तिची सोय झाली. देखभालीचा मासिक आकार मात्र माझ्या पेन्शनच्या तिपटीहून अधिक होता, आणि दरवर्षी तो वाढणार हे करारातच लिहिले होते.

या वसाहती आता पुष्कळ झाल्या आहेत. कोइमतूर तर त्यांचे केंद्रच बनले आहे. आपल्याकडे पुण्यात ‘अथश्री’ आहे, नेरळला डिग्निटी फाउंडेशनची वसाहत आहे. मुले दूरदेशी गेलेल्या, हातीपायी धड असलेल्या वृद्धांची ती खरी गरज आहे आणि मी तिची चेष्टा करणार नाही. मात्र येथे येणाऱ्याचे कमावणे संपलेले असणार, हे सर्वांनीच गृहीत धरलेले असते. दिवसाची आखणीही त्याच गृहीतावर उभी आहे. न्याहारी आठला, दुपारचे जेवण बाराला, सायंकाळी भजन, सातला रात्रीचे जेवण. सकाळी सहाला सारे शेजारी पायात बूट घालून फेऱ्या मारायला निघतात, तेव्हा मी डबा घेऊन फाटकाबाहेर पडतो. आठवड्यातून तीन दिवस आवडीहून लोकल धरायची. अण्णनूर, तिरुमुल्लैवायल, अंबत्तूर, आणि मग वसाहतीला लागून असलेले पट्टरवाक्कम. उरलेले दिवस घरी संगणकावर आरेखने करायची. परतायला साडेसात झाले की भोजनगृहातील खुर्च्या टेबलांवर उलट्या चढलेल्या असत.

पहिले काही महिने शेजाऱ्यांना वाटे, मला घरी करमत नाही. एक निवृत्त बँक अधिकारी मोठ्या मायेने म्हणाले, “इथे येऊन तरी विश्रांती घ्या. किती कमवाल?” या प्रश्नाचे उत्तर रुपयांत देता आले असते, ते मी दिले नाही. पत्नीने मात्र आपल्यापरीने तोड काढली. बायकांच्या बैठकीत ती सांगू लागली की हे कन्सल्टंट आहेत. मी हरकत घेतली, तेव्हा म्हणाली, “अहो, सल्लागार म्हटले तर काय बिघडले? सल्ला नाही का देत तुम्ही त्या पोरांना?” त्या एका शब्दाने आमची प्रतिष्ठा वाढली हे मला मान्य करावे लागते. हौसेने केलेल्या कामाला मान मिळतो. गरजेपोटी केलेल्या त्याच कामाची लोकांना कीव येते.

पुढे प्रश्न नियमाचा आला. राहत्या जागेत कोणताही व्यवसाय करता येणार नाही, असे एक कलम होते. कारखान्यातील एक मुलगा आरेखने घ्यायला दोनदा आला, त्याची कोणीतरी तक्रार केली, आणि समितीचे पत्र आले. कलमाचा उद्देश मला कळत होता; उद्या कोणी पिठाची गिरणी मांडली तर काय करायचे? पण काम बंद केले असते तर आकार थकला असता, आणि आकार थकला असता तर पत्नीला पुन्हा जिने चढावे लागले असते. मी समितीला अर्ज लिहिला. त्यात ‘सल्लागार’ हा शब्द टाळला. माझे पेन्शन किती, देखभालीचा आकार किती, औषधे किती, आणि दरमहा किती कमी पडते, हे चार ओळींत मांडले. आयुष्यभर मापे लिहिली, त्यामुळे लिहिणे अवघड गेले नाही. ते पत्र पाच जणांसमोर वाचले जाणार, हे मात्र अवघड होते.

समितीने परवानगी दिली. पाटी लावायची नाही, यंत्र आणायचे नाही, बाहेरची माणसे फाटकाशीच भेटवायची. अर्जाची बातमी पसरली, आणि मग महिन्याभरात दोघांनी मला वेगवेगळे गाठले. एक शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे शिक्षक होते. ते दार लावून रात्री संगणकावरून मुलांना शिकवीत. दुसऱ्या एक विधवा बाई. त्या शेजारच्या वस्तीतील साड्यांना फॉल लावून देत आणि साड्यांचे गाठोडे देवळात नेण्याच्या पिशवीतून आणीत. दोघांनाही माझ्या अर्जाची नक्कल हवी होती. इतके दिवस विश्रांतीच्या या गावात आम्ही तिघे एकमेकांपासून लपून काम करीत होतो.

खरे तर चौथाही होता, आणि तो कधीच लपलेला नव्हता. फाटकावरचा रखवालदार सत्तरीला टेकलेला आहे. मला तो ‘सार’ म्हणतो, मी त्याला ‘अय्या’ म्हणतो. ऐन उमेदीत तो हातगाडीवर ओझी ओढीत असे. त्या कामाला कोणतीही योजना लागू नव्हती. आपल्याहून वयाने लहान असलेल्यांच्या विसाव्यावर तो बारा तास पहारा करतो. “तुम्ही कधी थांबणार?” असे एकदा मी विचारले, तर तो हसून म्हणाला, “सार, पाय थांबवतील तेव्हा.” भोजनगृहात भांडी घासणारी बाईही साठीच्या पुढची आहे. ज्येष्ठांच्या वसाहतीतले ज्येष्ठ मोजताना या दोघांना कोणी मोजत नाही.

आपल्या परंपरेत वानप्रस्थाश्रम आहे, पण त्यात हिशेब नाही. कंदमुळांना देखभालीचा आकार पडत नसे. मराठी माणसाने उतारवयात मद्रासेला येऊन राहण्याचे उदाहरणही जुने आहे. कुंभकोणमला तंजावरी मराठी घराण्यात जन्मलेले सर टी. माधवराव त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे अशा तीन संस्थानांची दिवाणगिरी करून १८८२ नंतर मद्रासला मैलापूरला स्थायिक झाले. तेथेही ते स्वस्थ बसले नाहीत. १८८७ च्या मद्रास काँग्रेसचे ते स्वागताध्यक्ष होते. त्यांचे ते काम विसाव्याला शोभा आणणारे होते, कारण ते सोडले असते तरी चूल पेटणारच होती. काम धरावे की सोडावे हे ज्याचे त्याला ठरवता येणे, हीच निवृत्ती. माझ्या वडिलांना, एका साध्या कामगाराला, ती पेन्शनने दिली होती. ती मला पत्ता बदलून मिळणार नव्हती, आणि अशी अपेक्षा मी वसाहतीकडून केलीही नाही. उतारवयातही काम करणाऱ्याला येथे चोरासारखे वावरावे लागू नये, एवढेच मागणे होते.

त्या मागण्याचा थोडासा परिणाम झाला आहे. भोजनगृहात आता आठपर्यंत तीन ताटे झाकून ठेवतात. तळमजल्यावरील एक अडगळीची खोली रिकामी करून तेथे टेबल, दिवा आणि पंखा दिला आहे. शिक्षक सायंकाळी तेथे शिकवतात, त्या बाई दुपारी शिवतात. रखवालदारासाठी मात्र अजून पाठ टेकायची खुर्चीसुद्धा मंजूर झालेली नाही. त्याचा अर्ज मी लिहून दिला आहे आणि तो समितीपुढे आहे. माझ्या हिशेबाप्रमाणे मला सत्तरीपर्यंत काम करावे लागेल. डाव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे, उजव्याचे व्हायचे आहे. आरेखनावरील बारीक आकडे सध्या तरी स्पष्ट दिसतात.